हजेरीची वही आणि अण्णाभाऊंची कादंबरी

(अण्णाभाऊ साठे जयंतीच्या निमित्तानं सातारा-सांगली भागातल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बरेच जण कामावर असल्यानं येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी इथं देत आहोत. वस्तीवर मोठ्यानं वाचून दाखवावं.)



मला सांगितलं की तू आज अण्णाभाऊंवर बोल. सकाळी चहाच्या वेळेला दोघातिघांनी मला धरलं. एकजण म्हणाला, आपलं शिबिर गायरानाचं, सातबाऱ्याचं, तिथं कादंबरीवाल्याचं काय काम? दुसरे एक बाबा म्हणाले, अण्णाभाऊ मातंग समाजाचे, त्यांची जयंती ते लोक मोठी करतात; आपण पारधी, कातकरी, आपण कशाला त्यात? दोन्ही सवाल बरोबर आहेत. त्यांचं उत्तर देता देताच मी आज बोलणार आहे. मी बारावीपर्यंत शिकलेला माणूस, प्राध्यापक नाही. जे वाचलं आणि जे आपल्या वस्तीवर बघितलं, तेवढंच सांगतो.

माणूस कोण होता

अण्णाभाऊंचं खरं नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०, गाव वाटेगाव, तालुका वाळवा. आज वाटेगाव सांगली जिल्ह्यात येतं, पण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता, सगळा सातारा होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा काढला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली केलं. त्यामुळं सातारचे म्हणतात आमचा माणूस, सांगलीचे म्हणतात आमचा. दोघांचंही खरं आहे.

वडलांचं नाव भाऊराव, आईचं वालूबाई. गावाबाहेर मांगवाडा, तिथं घर. शाळेत किती दिवस गेले? सगळीकडं सांगतात ती गोष्ट खरी आहे, दीड दिवस. मास्तरानं मारलं, पोरगं परत गेलं नाही. आपल्यातल्या किती जणांची शाळा अशीच दीड दिवसाची झाली, हात वर करा म्हटलं तर अर्धा मांडव हात वर करील.

१९३१ च्या सुमाराला गावात जगणं अवघड झालं तेव्हा हे कुटुंब मुंबईला निघालं. गाडीला पैसे नाहीत, म्हणून पायी. वाटेत मिळंल ते काम करायचं, खायचं, पुढं चालायचं. वाटेगाव ते मुंबई पायी म्हंजे काय ते ऊसतोडीला बैलगाडीमागं चाललेल्या बायांना विचारा, मला सांगायला नको. मुंबईत अण्णाभाऊंनी कोळसे वाहिले, हमाली केली, गिरणीत काम केलं. आणि अक्षरं? ती दुकानांच्या पाट्या बघून आणि सिनेमाची पोस्टरं बघून लावायला शिकले. ज्याला शाळेनं हाकललं त्यानं रस्त्यालाच शाळा केली.

मुंबईत त्यांना कामगारांची चळवळ भेटली, लाल बावटा भेटला. घरात तमाशाचं अंग होतंच, नात्यातल्या बापू साठेंच्या फडात ते उभे राहिले होते. ती कला त्यांनी चळवळीत आणली. दूर रशियात स्टालिनग्राडला लढाई झाली, त्यावर या वाटेगावच्या माणसानं पोवाडा केला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचं इलेक्शन' अशी त्यांची वगनाट्यं. सावकार, शेटजी, पुढारी कसा फसवतो ते हसवत हसवत दाखवायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गावोगाव गेली. आपल्याकडं म्हातारी माणसं अजून ती म्हणतात.

१९४९ ला 'मशाल'मध्ये त्यांची पहिली कथा छापून आली, 'माझी दिवाळी'. तिथनं पुढं वीस वर्षं माणूस लिहितच राहिला. कादंबऱ्या पस्तीसच्या आसपास. 'फकिरा', 'वारणेचा वाघ', 'वैजयंता', 'चित्रा', 'माकडीचा माळ', 'चिखलातील कमळ', 'आवडी', 'अलगूज'. कथांची पुस्तकं डझनाहून जास्त. १९६१ साली रशियाला जाऊन आले, त्याचं 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक आहे. त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. 'फकिरा', 'वैजयंता', 'वारणेचा वाघ' तुमच्यातल्या काहींनी यात्रेतल्या तंबूत बघितले असतील.

पुस्तकं खपली, सिनेमे चालले. पण लिहिणारा घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीतच राहिला. १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. वयाची एकोणपन्नास पुरी व्हायला दोन आठवडे बाकी होते. हातात काही नव्हतं. पिकवतो एक आणि पोती भरतो दुसरा, हे फक्त शेतातच चालतं असं नाही, एवढं लक्षात ठेवा.

दोन वह्या

आता पहिल्या सवालाकडं येतो. आपलं आणि कादंबरीचं नातं काय?

'फकिरा' १९५९ साली आली. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे आणि १९६१ साली राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं. फकिरा हा मनातला माणूस नव्हे, खरा होता, अण्णाभाऊंच्या नात्यातला होता. पुस्तक अर्पण केलंय बाबासाहेबांच्या लेखणीला. बघा, लाल बावट्याचा माणूस, पण पुस्तक वाहिलं बाबासाहेबांच्या लेखणीला. लेखणीलाच का, ते पुढं कळंल.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. राणोजी मांग हा फकिराचा बाप. गावाच्या मानासाठी तो दुसऱ्या गावची जोगणी आणायला जातो. जोगणी आली की गावाला जत्रेचा मान. राणोजी जोगणी आणतो आणि त्यात त्याचा जीव जातो. म्हंजे गावासाठी मुंडकं दिलं. आणि त्याच राणोजीचा पोरगा मोठा झाला तेव्हा सरकारनं काय केलं? त्याची आणि त्याच्या सगळ्या भाऊबंदांची नावं हजेरीच्या वहीत घातली. रोज हजेरी द्यायची, कामाला बाहेर जायचं नाही, पाहुण्याला जायचं नाही. मग दुष्काळ पडतो. काम नाही, गाव सोडायची मुभा नाही, चुली बंद. पोरं मरायला लागतात. तेव्हा फकिरा आणि त्याचे साथीदार धान्य लुटतात आणि वाटून देतात. पुढं इंग्रजांचा खजिना लुटतात. सरकारला फकिरा सापडत नाही, म्हणून सरकार त्याची माणसं, बाया-पोरांसकट, अडकवून ठेवतं. आणि त्यांना सोडवायला फकिरा स्वतः होऊन हजर होतो.

आता या गोष्टीच्या दोन नोंदी होऊ शकतात. एक नोंद पोलिसाच्या वहीत. त्यात काय असणार? तारीख, गाव, दरोडा, किती माल गेला, आरोपीचं नाव, जात. एवढंच. दुसरी नोंद अण्णाभाऊंच्या पुस्तकात. त्यात किती दिवस चूल पेटली नव्हती ते आहे. कुणाचं पोर कसं गेलं ते आहे. धान्य कुणाकुणाला वाटलं ते आहे. प्रकार एकच, पण पहिल्या वहीत गुन्हेगार दिसतो आणि दुसरीत माणूस दिसतो.

पहिली वही लिहायला सरकारनं पगारी माणसं ठेवली होती. दुसरी वही लिहायला कुणीच नव्हतं. ती दीड दिवस शाळा शिकलेल्या माणसानं लिहिली. फकिरा गेला त्यानंतर कितीतरी वर्षांनी लिहिली, पण लिहिली. म्हणून आज फकिराला महाराष्ट्र दरोडेखोर म्हणत नाही, वीर म्हणतो. पोलिसाची वही कुठल्या तरी दप्तरात वाळवीनं खाल्ली असंल.

मातंग आणि आपण

आता बाबांचा सवाल. त्यांचं आणि आपलं काय?

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तरेत, मग पुढं आपल्या मुंबई इलाख्यातही आणला. माणूस काय करतो ते बघायचं नाही, कुठल्या जातीत जन्मला ते बघायचं आणि गुन्हेगार ठरवायचं. ज्या हजेरीनं फकिराला बांधलं त्याच हजेरीनं आपल्या पारध्यांच्या आज्या-पणज्यांना बांधलं. कुणाला सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात घातलं. तिथं एकाच कुंपणात कितीतरी जातींची माणसं होती. इंग्रजानं आपल्याला एका वहीत लिहिलं, आपण मात्र अजून म्हणतो ते वेगळे, आम्ही वेगळे.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. देश सुटला १९४७ ला, आपण सुटलो पाच वर्षांनी. तेही कागदावर. कारण कायदा गेला आणि सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. पुढं १९७२ साली जंगली जनावरांचा कायदा आला, तितर, ससा धरणंही गुन्हा झालं. शिकार बंद केली ते जनावरांसाठी बरंच झालं असंल, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ज्याचं पोट त्या फाश्यावर होतं त्याला बदल्यात काय दिलं? जमीन दिली का? नाही. धंदा काढून घेतला आणि मग विचारतात, हे लोक जगतात कशावर?

आमच्या वस्तीवरची एक गोष्ट सांगतो. गावाची, ठाण्याची नावं घेत नाही. लांबच्या एका गावात चोरी झाली. रात्री जीप आली, चार माणसं उचलून नेली. पेपरात आलं, पारध्यांची टोळी पकडली. आता ही चार माणसं त्या दिवसांत रोजगार हमीच्या कामावर माती काढत होती. मस्टरवर त्यांचे अंगठे होते. पण हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण? त्यांच्या बायका तालुक्याला चकरा मारून थकल्या. शेवटी संघटनेच्या वकिलांनी मस्टरची नक्कल काढली, कोर्टात दिली, तेव्हा जामीन झाला. तोपर्यंत चार महिने गेले होते, आणि पेरणी गेली होती.

मी तेव्हा नुकता बारावी झालो होतो. नकलेच्या अर्जावर अक्षर माझं होतं. मस्टर म्हंजे तरी काय? हजेरीचीच वही. एका हजेरीनं आपल्याला गुन्हेगार केलं, दुसऱ्या हजेरीनं सोडवलं. नोंद वाईट नसते. ती कोण करतो, कुणासाठी करतो आणि वेळेला कुणाच्या हाती लागते, त्यावर सगळं आहे.

गायरानाचं काय

आता जमिनीवर येतो. माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला आपण गायरानं कसतो. खाली कृष्णा-वारणेच्या काठाला ऊस आहे, ती जमीन आपल्या वाट्याला कधी नव्हती. आपल्याला मिळाला तो माळ, खडकाळ, कुणाला नको असलेला. वर जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरात कातकरी भावांची तीच गत. माळ फोडला, दगड वेचले, बाजरी-मटकी पेरली, तेव्हा गावाला आठवलं की हे आपलं गायरान आहे.

सरकारचा निर्णय आहे, नोव्हेंबर १९९१ चा. भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेलं १४ एप्रिल १९९० पर्यंतचं अतिक्रमण कायम करून द्यायचं. मग अडतंय कुठं? पुराव्यावर. साहेब विचारतो, तेव्हापासून कसताय, कागद दाखवा. आपण म्हणतो, अख्ख्या गावाला ठावं आहे. साहेब म्हणतो, गावाचं सोडा, कागद दाखवा.

कागद आहे. ऐका नीट. तलाठ्याकडं गाव नमुना १ई असतो, अतिक्रमणाची नोंदवही. तलाठ्यानं आपल्याला दंड केला असंल तर त्याची पावती असते. पंचनामा झाला असंल, उठवायची नोटीस आली असंल, पीक मोडलं म्हणून केस झाली असंल, तर त्यावर तारीख असते. हे सगळे कागद आपल्याविरुद्ध केलेले आहेत. आपल्याला गुन्हेगार ठरवायला केलेले आहेत. पण त्यावर काय लिहिलंय? अमुक साली, अमुक गटात, अमुक माणूस जमीन कसत होता. हाच आपला पुरावा! आपल्या बाया दंडाची पावती चुलीत घालतात, अपशकुनी कागद म्हणून. आजपासून घालू नका. तो कागद पत्र्याच्या पेटीत ठेवा. अण्णाभाऊंनी हेच केलं. सरकारनं ज्याला गुन्ह्याचा कागद म्हटलं, तोच घेऊन त्यांनी तो उलटा वाचून दाखवला.

जे पटत नाही तेही

जयंती म्हणून नुसतं गुणगान करून मी बसणार नाही. अण्णाभाऊंनाही ते आवडलं नसतं.

'फकिरा' वाचताना अंगावर काटा येतो, पण एक गोष्ट मनात राहते. शेवटी सगळा भार एकट्या फकिरावर येतो. तो पकडला की लढा संपतो. आपल्या चळवळीला हे परवडणारं नाही. आपल्याकडंही असंच होतं, एक शिकलेला पोरगा पुढं असतो, त्याच्यावर दोन केसी टाकल्या की वस्ती गप्प. एका माणसावर लढा उभा करायचा नाही. एका वस्तीत दहा माणसांना १ई म्हंजे काय ते सांगता आलं पाहिजे.

दुसरं, फकिराच्या गावात चांगला पाटील आहे, चांगला कुलकर्णी आहे, ते मांगांच्या बाजूला उभे राहतात. असे लोक असतात, आपल्यालाही भेटलेत, त्यांचे उपकार विसरायचे नाहीत. पण चांगला पाटील गेला आणि दुसरा आला की काय होतं, तेही त्याच पुस्तकात आहे. माणसाच्या चांगुलपणावर चूल पेटते, पण सातबारा होत नाही. त्याला कायदाच लागतो, आणि कायद्यामागं संघटना लागते.

आणि 'माकडीचा माळ' वाचा. ही कादंबरी आपल्याला जास्त जवळची आहे. माकडवाले आणि त्यांच्यासारखी भटकी माणसं माळावर उतरतात, त्यांची ती गोष्ट आहे. त्यांची पंचायत, त्यांची भांडणं, त्यांची प्रेमं, सगळं आहे. पालातल्या माणसाच्या आत काय चालतं हे इतकं जवळ जाऊन बघणारा लेखक मराठीत तेव्हा दुसरा सापडत नाही. आटपाडीकडचे माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर, त्यांची 'बनगरवाडी' १९५५ ची. माणदेशातली धनगरवाडी आणि तिथला दुष्काळ त्यांनी फार खरा लिहिलाय, मला ते पुस्तक आवडतं. पण तिथं बाहेरून आलेला मास्तर वाडी बघतो आणि सांगतो. अण्णाभाऊ बाहेरून बघत नाहीत. ते पालातच बसलेले आहेत. एकानं सांगितलं ते खोटं आणि दुसऱ्याचं खरं असं नाही. पण आपल्यातलाच माणूस सांगतो तेव्हा तो कुठं थांबतो आणि कुठं घाई करतो, यात फरक पडतो.

पारध्याची गोष्ट पारध्यानं अजून कादंबरीत सांगितलेली माझ्या वाचनात नाही. घरात आपण आपली बोली बोलतो, शाळेत मराठी शिकतो, आणि कोर्टात तिसऱ्याच भाषेत आपल्यावर आरोप ठेवतात. अण्णाभाऊंनी आपल्या वारणेकडची बोली पुस्तकात आणली तेव्हा कुणी म्हणालं असंल, ही काय भाषा झाली! त्यांनी ऐकलं नाही. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं. तिथं त्यांनी सांगितलं ते एवढंच, की ही पृथ्वी शेषाच्या डोक्यावर नसून राबणाऱ्या माणसाच्या हातावर उभी आहे. मग त्या हातानं लिहायचं का नाही?

आता काय करायचं

भाषण संपवतो. चार कामं सांगतो, ती घरी घेऊन जा.

एक. प्रत्येक वस्तीवर एक वही करायची. साधी दोनशे पानी. कोण कुठली जमीन कधीपासून कसतंय, शेजारी कोण, साक्षीदार कोण, सगळं लिहायचं. वस्तीत कुणाला लिहिता येत नसंल तर पाचवी-सहावीतल्या पोरीला बसवायचं. ती लिहील.

दोन. दंडाच्या पावत्या, नोटिसा, समन्स, मस्टरच्या नकला, रेशन कार्ड, मतदार यादी, जे असंल ते गोळा करायचं. मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही, झेरॉक्स द्यायची.

तीन. पोलीस वस्तीवर आले, कुणाला नेलं, तर तारीख, वेळ, किती जण आले, कुणाला नेलं, ते त्याच दिवशी वहीत लिहायचं. घाबरू नका. ते लिहितात, आपणही लिहू.

चार. म्हाताऱ्या माणसांना विचारा. हजेरी कशी होती, सेटलमेंटमध्ये काय खायचे, माळ कुणी कसा फोडला. ही माणसं गेली की ती वही जळालीच म्हणून समजा.

आणि महिन्यातनं एका रात्री 'फकिरा'ची काही पानं वस्तीवर मोठ्यानं वाचा. अंगठेवाले ऐकतील. अण्णाभाऊही आधी ऐकूनच शिकले.

अण्णाभाऊंना दीड दिवस शाळा मिळाली, तेवढ्यात त्यांनी एका जमातीवरचा डाग पुसला. आपल्यातली किती पोरं आज सातवी, दहावी झाली आहेत. एवढ्या शिक्षणात निदान आपल्या वस्तीचा एक सातबारा तरी लिहून घेऊ.

कसेल त्याची जमीन! श्रमेल त्याचं राज्य!
अण्णाभाऊ साठे जिंदाबाद!